.३०८ रायफल: म्यूल हरीण आणि एल्क, दोघांसाठी कोणती गोळी घ्यावी?

सह्यकडा: नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो. येत्या ऑक्टोबरसाठी मला म्यूल हरणाचा नर आणि एल्कची (हरणाच्याच कुळातले बरेच मोठे जनावर) मादी, असे दोन्ही परवाने मिळाले आहेत. रायफल .३०८ विंचेस्टर या काडतुसाची असून तिची नळी २० इंची आहे. आजवर हरणासाठी पातळ आवरणाची, शिशाची, १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे एकक) साधी गोळी वापरली आणि तिच्याविषयी काहीच तक्रार नाही. परंतु नव्वद किलोचे हरीण आणि सव्वादोनशे किलोची एल्क यांना एकच काडतूस पुरेल, की दोन वेगळी ठेवावीत? २५० यार्डांपलीकडे गोळी झाडण्याचा विचार नाही.

गोफणगुंडा: दोन वेगळी ठेवू नका. दोन्हींचा मारा एकाच ठिकाणी बसेलच असे नाही, आणि ऐन वेळी खिशातून नको ते काडतूस हाताला लागते. मोठ्या जनावराला पुरेल ती गोळी हरणालाही चालते. उलट मात्र होत नाही.

खरा प्रश्न गोळीच्या घडणीचा आहे. साधी गोळी लागताच पसरते आणि हरणाच्या बरगड्यांमागे लगेच फुफ्फुस असल्यामुळे तेथे ती उत्तम काम करते; पण तीच एल्कच्या खांद्याच्या हाडावर जवळून, पूर्ण वेगात बसली, तर शिसे आवरणापासून सुटून वरच्या वरच विखुरण्याची भीती असते आणि जखमी जनावर हातचे जाते. जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूसवर (हरणाच्या कुळातले आणखी एक अवाढव्य जनावर) असाच अनुभव आला. त्यातूनच पुढे पार्टिशन गोळी निघाली. तिच्या पुढच्या व मागच्या शिशामध्ये आवरणाच्याच धातूची आडवी भिंत असते, त्यामुळे पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग शाबूत राहून आत घुसत जातो.

माझा कौल १६५ ग्रेनच्या पार्टिशनला, किंवा शिसे आवरणाला पक्के जोडलेल्या बाँडेड गोळीला. तुमच्या नळीतून ती सेकंदाला २,६०० फुटांच्या आसपास सुटेल आणि २५० यार्डांवर वेग २,१०० च्या जवळ उरेल. पार्टिशन १,८०० पर्यंत फुलते, म्हणजे हाताशी पुरेसा वाव आहे.

रानवेल: घरात लहान मुले ते मांस खाणार असतील, तर अखंड तांब्याची गोळी घ्या, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि वजन जवळजवळ गमावत नाही, म्हणून १५० ग्रेनही एल्कला पुरते. मात्र वेग उतरला की ती नीट उमलत नाही. २५० यार्डांची मर्यादा कटाक्षाने पाळावी.

सह्यकडा: मुले आहेत, तेव्हा तांबेच घेतो. सरावासाठी पूर्ण आवरणाची स्वस्त काडतुसे चालतील का?

गोफणगुंडा: हात बसवायला चालतील, पण दुर्बिणीचा नेम शिकारीच्याच काडतुसांवर लावा आणि उरलेली स्वस्त काडतुसे घरी ठेवा. पूर्ण आवरणाची गोळी फुलत नाही, आणि कोलोरॅडोत शिकारीसाठी फुलणारी गोळीच बंधनकारक आहे. शिवाय एल्कसाठी ती किमान ८५ ग्रेनची हवी. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. गोळी लागूनही एल्क पुष्कळदा जागच्या जागी उभी राहते, तेव्हा नेम चुकला असे न समजता दुसरी गोळी लगेच झाडा.