कॉस्टिक सोडा न घालता घरी साबण बनतो का? (लेकीच्या कोरड्या त्वचेसाठी)

पानगळ:
नमस्कार मंडळी. माझ्या लेकीची (वय ६) त्वचा फार कोरडी आहे, आंघोळ झाली की पाय आणि कोपरं खाजवत बसते. साबण बदलून बघितले, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच. म्हणून आता घरीच साबण करायचं मनात घेतलंय, पण जितके व्हिडिओ बघतेय तितका गोंधळ वाढतोय. काही जण कॉस्टिक सोडा घालतात, तो तर तुंबलेले पाइप साफ करायला वापरतात ना, मग लहान मुलीच्या अंगाला कसा लावायचा? आणि काही जण 'विदाऊट कॉस्टिक, झिरो केमिकल' म्हणून तयार सोप बेस वितळवतात आणि त्यात पानं वाटून घालतात.
मी लिहून घेतलेली एक रेसिपी अशी: खोबरेल तेल २ कप, कॉस्टिक अर्धा कप, पाणी १ कप, वरून हळद, कडुनिंबाची ताजी पानं वाटून, कोरफडीचा गर आणि एका लिंबाचा रस. हे बरोबर आहे का? आणि कॉस्टिक टाळायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

रानजाई:
पानगळ, ही रेसिपी प्लीज करू नका, कारण खाली सांगते.
कॉस्टिकशिवाय साबण होतच नाही. तेल आणि कॉस्टिक यांची रिॲक्शन झाली की त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, साबण म्हणजे तेवढंच. तो तयार सोप बेस असतो ना, तो साबणाचा असेल तर त्यातही कारखान्यात आधीच अल्कली (कॉस्टिकसारखा तीव्र क्षार) वापरून झालेली असते, आपण फक्त वितळवून साच्यात ओततो. त्यामुळे 'विदाऊट कॉस्टिक' हे लेबल वाचून निर्धास्त होऊ नका. आणि उलट बाजूने घाबरूही नका, कारण प्रमाण बरोबर असेल तर सगळा कॉस्टिक तेलाबरोबर संपून जातो, तयार वडीत तो शिल्लकच राहत नाही.
आता 'प्रमाण बरोबर असेल तर' हाच सगळा खेळ आहे. तुमच्या रेसिपीत २ कप खोबरेल म्हणजे साधारण ४४० ग्रॅम तेल. त्याला कॉस्टिक लागतो ८० ग्रॅमच्या आसपास. अर्धा कप कॉस्टिक १०० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे वीसेक ग्रॅम तरी कॉस्टिक तसाच मोकळा वडीत राहणार आणि तो लेकीच्या अंगाला लागणार. शिवाय कॉस्टिक दाणेदार आहे की पापडीसारखा यावरही कपातलं वजन बदलतं. साबणात कप-चमच्याचं माप कधीच नको, तेल, पाणी, कॉस्टिक सगळं ग्रॅममध्ये वजन करून, पाणीसुद्धा. किमान १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा नसेल तर तो येईपर्यंत थांबा, एवढं माझं ऐका.

सप्तक:
रानजाईंना +१. हिशोब कसा करतात ते लिहितो म्हणजे कुठलीही रेसिपी समोर आली तरी तुम्हाला स्वतः तपासता येईल.
प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा. १ ग्रॅम खोबरेलला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलला ०.१२८. समजा ऑलिव्ह ३०० ग्रॅम, खोबरेल १५० आणि एरंडेल ५० घेतलं, तर ४०.५ + २७.४५ + ६.४ मिळून ७४.३५ ग्रॅम होतात. त्यातून ५ टक्के कमी करायचे, म्हणजे ७०.६. या कमी केलेल्या भागाला सुपरफॅट म्हणतात, थोडं तेल साबण न होता तसंच राहतं, त्याने वडी सौम्य होते आणि वजनात थोडं इकडेतिकडे झालं तरी आपण सुरक्षित बाजूला राहतो. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे १४१ ग्रॅम. नेटवर सोप कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, त्यातही टाकून बघा आणि दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा.
फक्त खोबरेलचा साबण फेस भरपूर देतो पण त्वचेवरचं तेलही ओरबाडून नेतो, त्यामुळे कोरड्या त्वचेसाठी खोबरेल २० ते ३० टक्क्यांच्या वर नको.
करताना हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, आपला नेहमीचा चष्मा पुरत नाही, आणि लेक घरात नसताना किंवा झोपलेली असतानाच करा. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. मिश्रण आपोआप ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीजवळ करा. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रोपिलीन प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियम अजिबात नाही, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचही नको, कालांतराने कमजोर होऊन तडकते. हातावर उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, १५-२० मिनिटं, आणि डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच डॉक्टर गाठा. व्हिनेगर लावा असं कोणी सांगितलं तरी लावू नका.
दोन्ही मिश्रणं, म्हणजे कॉस्टिकचं पाणी आणि एकत्र केलेली तेलं, ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र करून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा, वरून ओघळ टाकला की त्याची रेघ पृष्ठभागावर उमटून राहिली म्हणजे ट्रेस आला, मग साच्यात ओता. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच काढून वड्या पाडा आणि ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी सुटसुटीत मांडून ठेवा. हे शेवटचं लोक टाळतात आणि मग साबण लवकर विरघळतो म्हणून तक्रार करतात, त्या दिवसांत पाणी उडतं, वडी टणक होते आणि अंगालाही जास्त सौम्य लागते. वर पांढरी पावडर धरली तर घाबरू नका, तो सोडा ॲश असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होतो, पुसून टाका.

मधुमालती:
वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलंच आहे, मी वनस्पतींबद्दल लिहिते कारण त्यातच सगळ्यात जास्त साहित्य वाया जाताना बघितलंय.
ताजी पानं वाटून घालू नका. कच्च्या साबणात इतकी अल्कली असते की हिरवा रंग काही दिवसांत तपकिरी होतो आणि ओला चोथा आत राहिला तर बुरशी धरते. कडुनिंब हवाच असेल तर पानं पूर्ण वाळवून ऑलिव्हमध्ये ३-४ आठवडे मुरवा, गाळा आणि ते तेल रेसिपीतल्या ऑलिव्हच्या जागी वापरा, कॉस्टिकचा हिशोब तोच राहतो. हळद अल्कलीत लालसर होते आणि उजेडात फिकी पडत जाते, रंगासाठी चिमूटभर ठीक, पण घालताना औषध म्हणून घालू नका. फुलांमध्ये झेंडूसारख्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या तेवढा रंग टिकवतात, लॅव्हेंडरची फुलं आत घातली की काळपट होतात.
लिंबू मात्र काढूनच टाका. त्यातलं सायट्रिक ॲसिड कॉस्टिकशी रिॲक्शन करून संपतं, ३० ग्रॅम रस साधारण १ ग्रॅम कॉस्टिक खाऊन टाकतो, म्हणजे हिशोब हलतो आणि त्वचेला लिंबाचा काही फायदाही मिळत नाही. थेट चेहऱ्यावर तर लिंबू लावूच नका, रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात, महिनोन् महिने जात नाहीत.
कोरफडीचा गर पाण्याच्या जागी चालतो, पण मिक्सरमधून काढून, गाळून, गोठवून घ्या. त्यात साखर असते, कॉस्टिकने ती तापते आणि करपते. दुधाचंही तसंच, बर्फ करून त्यावर थोडा थोडा कॉस्टिक टाकायचा, नाहीतर नारिंगी होऊन अमोनियाचा वास सुटतो. पहिल्या खेपेला साधं पाणीच घ्या, बाकीची हौस नंतर.
आणि सुगंधी तेल लहान मुलीच्या साबणात नकोच, त्वचा आधीच चिडलेली असताना तर नाहीच नाही.

निरभ्र:
सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत, पण पानगळ, मला थोडं वेगळं सांगायचंय, नाउमेद करायला नाही.
घरचा असो वा दुकानातला, खऱ्या साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या वर अल्कली) ९ ते १० असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. कितीही चांगली तेलं घातली तरी हे बदलत नाही, आणि लिंबू किंवा व्हिनेगर घालून पीएच ५ वर आणायला गेलात तर साबण मोडून परत तेलासारखा होतो. म्हणून फार कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी डॉक्टर बहुतेक वेळा सिंडेट बार सांगतात, म्हणजे सिंथेटिक क्लेन्झरची वडी, कारण तिचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. सिंथेटिक म्हटलं की आपल्याला नको वाटतं, पण तुमच्या लेकीला ती जास्त मानवू शकेल. कोपरं आणि गुडघ्यांमागे लाल चट्टे, भेगा असतील तर एक्झिमा असू शकतो, साबणाच्या आधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.
रोज अख्ख्या अंगाला साबण लावायची गरजही नसते, बगला, जांघा, पावलं एवढ्यांनाच पुरे. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांत आटपायची, टॉवेलने न घासता टिपायचं आणि अंग जरा ओलसर असतानाच क्रीम किंवा मलम लावायचं.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार, ती रेसिपी फाडून टाकली. निरभ्र, तुमचं वाचून आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. साबण करणारच, पण घरातल्या मोठ्यांसाठी, काटा मागवलाय. आता एकच विचारते, आंघोळीनंतर लावायला कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि बदाम तेल फेटून क्रीम करून ठेवलं तर किती टिकेल? व्हिटॅमिन ई घातलं की वर्षभर टिकतं म्हणतात.

मधुमालती:
नाही टिकत गं, फ्रिजमध्ये फार तर काही दिवस, आणि लेकीच्या चिरलेल्या त्वचेवर तर मी ते लावणारच नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशी आणि बॅक्टेरियाला ते अडवत नाही. ज्यात पाणी, गर, गुलाबपाणी असं काही आहे त्याला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच, आणि दिसायला वासाला ठीक असतानाही आत जंतू वाढलेले असू शकतात.
त्यापेक्षा बिनपाण्याचं मलम कर. १ भाग मधमाशीचं मेण, ४ भाग तेल, तेही वजनानेच. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणून थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळव, ढवळ आणि कोरड्या ठणठणीत डबीत ओत. घट्ट वाटलं तर परत वितळवून तेल वाढव. यात पाणी नसल्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, फक्त ओल्या बोटांनी काढायचं नाही. बदामाची किंवा कुठल्याही नट्सची ॲलर्जी आहे का ते आधी बघ, असेल तर सूर्यफुलाचं तेल घे. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघ, आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा डबी दाखवून विचार, ते वेगळं क्रीम देणार असतील तर आधी ते लाव, हे नंतर.