स्पितीसाठी गाडी कुठली घेऊ? (फोंड्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-304: नमस्कार मंडळी. सप्टेंबरात मी आणि मैत्रीण मोटरसायकलींवर हिमाचलातल्या स्पितीला निघतोय. मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने गाड्या पार्सल करून चंदीगड, तिथून सिमला, किन्नौर, काझा आणि कुंझुमची खिंड उतरून मनाली. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 की हिरोची एक्सपल्स 210, इथे अडकलेय. माझी उंची 5 फूट 3. दादा म्हणतो, लांबचा पल्ला आहे, मोठीच घे.

ए-201: दादाचं ऐक. हिमालयनच्या इंजिनाची ताकद 40 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), एक्सपल्सची 24.6. चार हजार मीटरच्या वर हवा एवढी विरळ की इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद जाते. तेव्हा आधीच जास्त असलेली बरी. टाकीही 17 लिटरची.

सी-103: बाय, भाऊंचे आकडे बरोबर आहेत आणि सिमल्यापर्यंत हिमालयन तुला जास्त सुख देईल. पण कुंझुमहून उतरलीस की बातल ते छत्रू नुसते गोटे, वाळू आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरात वीसच्या वेगाने जायचं असतं. त्याला एक्सपल्सची उरलेली ताकद पुरते. गाडी पडते मात्र हमखास, आणि पडली की ती उचलायची कुणी?

हिमालयन 196 किलो, एक्सपल्स 168. मधले 28 किलो म्हणजे तांदळाच्या मोठ्या पिशवीहून जास्त. वर सामान वेगळंच.

धारबांदोड्याकडे खाणीच्या जुन्या रस्त्यावर भर पावसात माझं पुढचं चाक लाल चिखलात घसरलं. तेव्हाची गाडी दोनशे किलोची, दोन्ही बॅगा भरलेल्या. तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा बूटच सरकले. काजूच्या बागेतून एक माणूस आला तेव्हा दोघांनी मिळून ती उभी केली. तोवर अर्धा तास मी भिजत होतो. बातलच्या अलीकडे असं कोणी भेटेलच याचा भरवसा नाही. मैत्रीण पुढे निघून गेलेली असेल तर तू एकटीच.

ए-201: पण काका, एक्सपल्सची सीट 830 मिलिमीटर. हिमालयनची 825, आणि बुटकी सीट घेतली तर 805. हिचे पाय टेकतील का?

सी-103: हा मुद्दा खरा आहे, त्यावर मीही बराच विचार केला. दोन्ही तळवे टेकायलाच हवेत असं नाही. एका पायाचा चवडा नीट टेकला की भागतं, फक्त थांबण्याआधी पाय कुठे ठेवायचा ती जागा हेरायची सवय लागते. सीटचा फोम थोडा कापून घे. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली मात्र आणू नकोस. जमिनीपासूनची ती उंची दगडांसाठीच तर हवी आहे.

बी-304 (आई): 13 लिटरची टाकी पुरेल ना? मध्येच पेट्रोल संपलं तर?

सी-103: पुरेल, वहिनी. रेकाँग पिओला भरलं की काझा साधारण दोनशे किलोमीटर. काझाला पंप आहे, पुढे मनालीही जवळपास तेवढंच. लिटरला 35 धरले तरी साडेचारशे होतात. नाले तेवढे सकाळी ओलांडायला सांगा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

ए-201: उचलायचं म्हणता, तर पद्धत सांगा ना तिला.

सी-103: आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढायचा, नाहीतर उभी होऊन पलीकडे कोसळते. गिअरात ठेवायची, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग सीटला पाठ लावून बसायचं, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरिअरखाली, आणि पायांच्या जोराने छोटी पावलं मागे टाकत उठायचं. कमरेतून वाकून उचलायला गेलं की कंबर धरलीच.

दोन्ही गाड्या अशा एकदा उचलून बघ, बाय. टेस्ट राइड त्यानंतर.

बी-304: काका, माझ्या मावसभावाची हिमालयन रविवारी इथेच असते. तुमची एक्सपल्स आणि ती, दोन्ही पार्किंगमध्ये आडव्या करू? खाली घालायला जुनी गादी आणते.

सी-103: सकाळी साडेसहाला ये, वर्दळ सुरू व्हायच्या आत. बूट घालून ये, चपलेवर नको.