गोलूची फ्लूची लस: घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: ताई, गोलूले अमरावतीले दाखवलं. डॉक्टरनं फ्लूची लस सांगितली. दोन हजाराच्या घरात जाते, अन् महिन्यानं दुसरा डोस. सरकारी दवाखान्यात भेटत नाही म्हणे. द्यावी का?

दादा: सर्दी-तापासाठी एवढा पैसा? खताचे पैसे द्यायचे हायेत अजून.

ताई: दादा, साधी सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. लहान लेकरांच्या छातीत उतरला की न्यूमोनियापर्यंत जातो. मागच्या श्रावणात गोलू तापला, तेव्हाचा हिशोब मांड ना. तपासणी झाली नव्हती, पण लक्षणं तीच होती. वहिनीचं निंदण बुडालं, तुझी फवारणी राहिली, पेट्रोल, फी, सलाईन. त्याचा ताप उतरत नाही तर आईनं अंथरूण धरलं. तिला आधीच दमा.

दादा: हाव, आईले भरती करा लागलं. ते उसने दिवाळीनंतर फिटले.

ताई: लसीचा खरा फायदा तिथंच आहे, लेकरांना दिली की घरातली म्हातारी माणसंही वाचतात. जपानमध्ये शाळकरी पोरांना ही लस द्यायचे. 1994 ला ते बंद झालं आणि म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू वाढलेले अभ्यासात दिसले. ब्रिटन 2013 पासून लहान मुलांना सरकारी खर्चानं देतं.

काका: लस घेऊनही फ्लू होतेच ना?

ताई: होऊ शकतो, काका. लसीतला विषाणू त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी जुळला तर धोका साधारण 40 ते 60 टक्के कमी होतो. विषाणू बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना 6 महिने ते 5 वर्षांच्या लेकरांना द्या म्हणते. दोन डोस फक्त पहिल्या वर्षी.

वहिनी: अन् आपल्याकडं निंदणाले येतात त्या बायांच्या लेकरांचं? त्याहिची तर आठवड्याची मजुरी जाईल.

ताई: मला तेच खुपतं, वहिनी. गोवर-रुबेला, न्यूमोनियाची पीसीव्ही फुकट मिळते, कारण सरकार घाऊक घेतं. फ्लूची राष्ट्रीय लसीकरणात नाही. एकट्या घरानं विकत घेतली तर पैसे वसूल होतीलच असं नाही, गोलूला यंदा फ्लू झालाही नसता. गावातल्या सगळ्या लेकरांना मिळाली तर मात्र मजुरी, भरती, म्हातारे, सगळ्यांचंच वाचतं. सरकारनंच द्यायला पाहिजे. तोवर आईचा दमा पाहून आपल्या घरी घ्याच म्हणेन.

दादा: सोमवारी नेतो. आईलेही देता येते का?

ताई: हो, तिला एकच डोस. तिची फाईल सोबत ने. पाऊस लागायच्या आधी दोघांचं उरकून घे.