नेव्ह, नाव आणि डोलकाठी

हर्णैकर: मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीय. लंडनच्या सिटी रोडवरच्या वेस्ली चॅपलच्या माहितीचं मराठी करून द्यायचं काम घेतलंय. मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीने बांधवून घेतलेलं त्या पंथाचं प्रार्थनाघर, १७७८ सालचं. आपल्याकडच्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे आतली गॅलरी पेलायला खांब म्हणून चक्क जहाजांच्या डोलकाठ्या उभ्या केल्या होत्या. तिसऱ्या जॉर्ज राजाने डेप्टफर्डच्या गोदीतून दिलेल्या. पुढे १८९१ साली त्या काढून दगडी खांब बसवले. तर, लोक बसतात त्या मधल्या लांबट भागाला, ‘नेव्ह’ला, मी ‘सभामंडप’ लिहिलं. काम देणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ मारली: ‘हे देवळातलं वाटतं.’ आता काय लिहू?

वसईची_सून: देवळातलं वाटलं तर बिघडलं कुठे? आमच्याकडे सासूबाई रविवारी ‘देवळात’च जातात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साला. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ऐकून मी विचारलं होतं, कुठल्या देवळात? सगळे हसले.

शुद्धमती: बोलीतलं बोलीत ठीक. छापील मजकुरात देऊळ, चर्च, मशीद हे वेगळेच राहायला हवेत. माझी सूचना ‘मध्यवीथी’, आणि बाजूच्या त्या ‘पार्श्ववीथी’. लेण्यांवरच्या लिखाणात वापरतात.

खाडीपलीकडचा: मध्यवीथी वाचून कोण आत शिरेल हो? मधला खण म्हणा आणि बाजूच्या पडव्या. घर सांगताना आपण ‘पाच खणी’ म्हणतोच.

शुद्धमती: आणि रेवदंड्याचा सातखणी मनोरा? तिथे खण म्हणजे मजला. वाचकाला तुमचं चर्च तीनमजली वाटेल.

खाडीपलीकडचा: शब्दाला दोन अर्थ असले म्हणून तो टाकायचा झाला तर मराठीत उरेल काय? चोळीचाही खण असतोच की.

मांडवी_बंदर: एवढं लांब कशाला जाताय? ‘नेव्ह’ हा लॅटिन ‘नाविस’वरून आलाय. नाविस म्हणजे जहाज. आपली नौका, नाव त्याच कुळातली. सरळ ‘नाव’ लिहा! कोकणात तरी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर बघा, लाकडी फासळ्या अजून आहेत, उलटी टाकलेली होडीच दिसते.

हर्णैकर: लिहून पाहिलं. ‘चर्चची नाव प्रशस्त आहे.’ बायकोने वाचून विचारलं, चर्चला होडी कशाला? आणि ‘चर्चच्या नावात’ लिहिलं तर भलताच घोळ.

चाकोरीबाहेर: नेव्हचा संबंध ‘नाभी’शी आहे असं आमचे एक मास्तर सांगायचे. मधला भाग म्हणजे नाभी. पटण्यासारखं आहे.

मांडवी_बंदर: तुमचे मास्तर निम्मे बरोबर. चाकाच्या तुंब्यालाही इंग्रजीत नेव्हच म्हणतात, आणि तो शब्द नाभीचा नातलग आहे. चर्चातला नेव्ह वेगळा. स्पेलिंग एक, घराणी दोन.

चाकोरीबाहेर: दोन घराण्यांत सोयरीक झालीच नसेल कशावरून?

चुना_आणि_चिरा: जुन्या इमारतींच्या डागडुजीत माझी हयात गेली, म्हणून विचारतो. हर्णैकर, त्या चॅपलला नेव्ह आहे का मुळात? ही माणसं प्रवचन ऐकायला जमायची. समोर उंच व्यासपीठ, तीन बाजूंना गॅलरी, सगळ्यांना बोलणारा दिसला आणि ऐकू आला पाहिजे एवढाच हिशेब. नेव्हची भाषा लांबुडक्या, खांबांच्या दोन ओळी असलेल्या जुन्या चर्चांची. वेस्ली स्वतः अशा इमारतींना प्रवचनघर म्हणायचा. काही तर अष्टकोनी बांधल्या, यॉर्कशायरातल्या हेप्टनस्टॉलला आहे तशी. अष्टकोनात कुठली आलीय मध्यवीथी?

हर्णैकर: मूळ मजकुरात नेव्ह लिहिलंय हो.

चुना_आणि_चिरा: मग मूळ लिहिणाराच सैल लिहितोय. तुम्ही ‘दालन’ लिहा आणि मोकळे व्हा.

शुद्धमती: अनुवादकाने मूळ सुधारायचं नसतं.

वसईची_सून: प्रवचनघर छान आहे पण. आमच्याकडे मोठं ते देऊळ आणि छोटं ते कपेल. गोव्याकडे मोठ्याला इगर्ज. मग चॅपलला कपेल का नको?

मांडवी_बंदर: कपेल पोर्तुगीज, म्हणजे कॅथलिकांकडून आलेलं. मेथडिस्ट माणसाला कपेलात बसवलंत तर तोच आधी उठेल. त्यांच्या इमारतीला चॅपल म्हणायचे ते वेगळ्या कारणाने. ‘चर्च’ हा शब्द इंग्लंडच्या सरकारी पंथाने अडवून ठेवला होता.

दाभोळचा_तांडेल: मी मघापासून वाचतोय, कुणी विचारतच नाही. डोलकाठी खांब झाली की ती डोलकाठी राहते का? शीड नाही, शीड बांधायचं परबाण नाही, डोलणंही नाही. लाकूड म्हणा.

खाडीपलीकडचा: डोलकाठी डोलते म्हणून डोलकाठी, हे तरी नक्की का? बोंबलाचं जाळं ‘डोल’, ते लावणारा डोलकर. काठीही त्याच डोलीची असेल.

दाभोळचा_तांडेल: डोल पाण्याखाली, काठी आभाळात. दोघींची गाठ कधी पडते? भरतीच्या वेळी आमच्या होडीत येऊन बसा, काठी डोलते की नाही ते पोटच सांगेल.

चाकोरीबाहेर: देव्हाऱ्यातल्या ‘डोल्या’चा काही संबंध?

शुद्धमती: तो ‘दोला’वरून. झोपाळा. आणि डोलणे हेही तिथूनच.

खाडीपलीकडचा: आणि जाळं? ते कुठून?

हर्णैकर: मंडळी, मजकूर काल पाठवला. ‘मुख्य दालन’ लिहिलं. बाईंनी नेव्हवर काहीच म्हटलं नाही. ‘डोलकाठ्या’वर मात्र लाल रेघ: ‘खांब पुरे.’

दाभोळचा_तांडेल: माझंच म्हणणं.

मांडवी_बंदर: अहो, पण राजाने खांब दिले नव्हते, डोलकाठ्या दिल्या होत्या! बाईंचा फोन द्या.

खाडीपलीकडचा: जाळ्याचं कुणी सांगणार आहे का?