यूव्ही देऊनही अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) वाढत नाहीये, कुठे चुकतंय?

केळीची_बाग: जळगावला एमएस्सी मायक्रोला आहे. रावेरकडच्या केळीच्या बागेतल्या मातीतून एक बॅसिलस (बॅक्टेरिया) मिळालाय, स्टार्च अगारवर आयोडीन टाकलं की निळ्या प्लेटमध्ये कॉलनीभोवती मस्त स्वच्छ गोल (झोन, तिथलं स्टार्च तुटलेलं) दिसतो. आता जास्त अमायलेज बनवणारा म्युटंट (डीएनए बदललेला) मिळवून स्ट्रेन सुधारायचाय म्हणून यूव्हीखाली 2, 5, 10 मिनिटं ठेवून बघितलं, कॉलन्या तेवढ्याच आणि झोनही तेवढाच. एकदाच एक मोठा झोन मिळाला तर आयोडीननंतर ती कॉलनी परत उगवलीच नाही, खूप जीव तुटला. सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा कोणीतरी.

तापीकाठ: ताई, प्लेटचं झाकण काढलं होतं का? काच असो की प्लॅस्टिक, 254 नॅनोमीटरचा यूव्ही आत जवळजवळ जातच नाही. कॉलन्या कमी होत नाहीत म्हणजे मारच बसत नाहीये, निदान 90-99 टक्के पेशी मरतील एवढा वेळ शोधा. आणि कल्चर जुनं नको, त्यात स्पोअर (टणक सुप्त पेशी) झालेले असतात ते यूव्हीला दाद देत नाहीत, वाढीच्या भरातलं घ्या, सलाइनमध्ये पातळ करा, आणि नंतर लगेच फॉइल गुंडाळून अंधारात ठेवा, उजेडात बऱ्याच बॅक्टेरियांचं एक एन्झाइम डीएनए परत दुरुस्त करतं आणि केलेली मेहनत पाण्यात.

केळीची_बाग: झाकण लावलेलंच होतं दादा!! कंटॅमिनेशनच्या भीतीने. तीन आठवडे गेले माझे.

धुळ्याचा_भाऊ: होतं असं, आमच्या बॅचला पण झालेलं. आता आयोडीनचं ऐका, ते पेशी मारतं, म्हणून आधी मखमलीच्या कापडाने दुसऱ्या प्लेटवर रेप्लिका (कॉलन्यांचा ठसा) घ्या, आयोडीन एकाच प्लेटवर टाका आणि कॉलनी दुसरीवरून उचला. नुसता मोठा झोन बघून भुलू नका, कॉलनीच मोठी असेल तर झोनही मोठा दिसणारच, झोनचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास काढा. मग निवडलेल्यांचं ब्रॉथमध्ये डीएनएस (स्टार्च तुटून झालेली साखर रंगावरून मोजायची टेस्ट) करून 540 नॅनोमीटरला रीडिंग घ्या, ब्रॉथमधली आधीचीच साखरही रंग देते, तिचा ब्लँक (वजा करायचं रीडिंग) वेगळा लावा. माझं मत विचाराल तर 2-डीऑक्सीग्लुकोजच्या (ग्लुकोजसारखं, पण पेशीला नीट वापरता न येणारं रसायन) प्लेटवर टिकणारे म्युटंट पण शोधा, ग्लुकोज असलं की बॅसिलस अमायलेज बनवणं आवरतं घेतो, अशा म्युटंटमध्ये तो लगाम सुटलेला सापडू शकतो.

तापीकाठ: हो आणि जो निवडाल तो आठ-दहा वेळा सबकल्चर करून (नव्या माध्यमावर परत वाढवून) परत मोजा, काही म्युटंट मूळपदावर येतात. झाकण काढून काम करताना चष्मा आणि ग्लोव्हज मात्र घालाच, यूव्हीने डोळे फार वाईट चुरचुरतात.