मदत हवी आहे: धंद्याच्या गाड्यांना रॅप करून घ्यायचंय, दुकान कसं पारखावं?

नमस्कार मंडळी,

आमचा घरपोच माल पोचवण्याचा व्यवसाय आहे. पाच बंद व्हॅन आणि मागे पेटी बसवलेले तीन छोटे ट्रक. सगळ्यांवर एकसारखं पूर्ण रॅप, म्हणजे गाडीभर छापील फिल्म चिकटवून घ्यायचं ठरलंय. तीन दुकानांची कोटेशन हातात आहेत आणि सगळ्यात स्वस्त न् सगळ्यात महाग यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. 'पाच वर्षं बघायला नको' हे मात्र तिघंही छातीठोकपणे सांगतात.

याआधी एका व्हॅनवर अर्धं रॅप करून घेतलं होतं. पहिले काही महिने गाडी झकास दिसली. मग सरकत्या दाराच्या वर जी लांब खाच असते, तिथली फिल्म सुटायला लागली. खाचेत चिकटलेली फिल्म हळूहळू ताठ होऊन पुलासारखी वर आली, खाली धूळ आणि पाणी शिरलं, कडेला काळी रेघ उमटली. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, तुम्ही प्रेशरने गाडी धुता म्हणून झालं. पुढे ते रॅप काढताना बोनेटवरचा थोडा रंगही फिल्मबरोबर निघून आला. त्यामुळे या वेळी मी नमुन्याचे फोटो बघून भुलणार नाही. फोटो सगळे पहिल्या दिवशीचेच असतात.

मला विचारायचंय ते असं. कोटेशनमध्ये नुसतं 'व्हायनल विथ लॅमिनेशन' लिहिलंय, त्यावरून काय समजायचं? दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि आमच्या दोन व्हॅन सेकंडहँड घेतलेल्या आहेत, एका बाजूला रंगकाम झालेलं असावं असा दाट संशय आहे. त्यांच्यावर रॅप करावं की नाही?

ज्यांनी स्वतःच्या गाड्यांवर करून घेतलंय किंवा जे या कामात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गाड्या उभ्या राहिल्या की धंदा थांबतो, त्यामुळे हे काम दोनदा करणं परवडणारं नाही.

प्रतिसाद

या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. तुमच्या खाचेचं जे झालं त्याचं कारण बहुतेक फिल्ममध्ये नाहीतर लावण्याच्या पद्धतीत आहे. धुण्याने सुटलेली कड आणखी उचलते, पण खाचेच्या मधोमध फिल्म वर येते ती ताणामुळे.

व्हायनल म्हणजे ही प्लास्टिकची फिल्मच, आणि ती ढोबळमानाने दोन जातींची असते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबून, ओढून पातळ करतात. त्यामुळे ती पुन्हा आखडायला बघते. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून वाळवतात, तिच्यात तसा ओढा फारसा नसतो. ती साधारण ५० मायक्रॉनची, म्हणजे पातळ असते आणि वळणावर, खाचेत नीट बसते. कॅलेंडर्ड बहुतेक ७० ते ८० मायक्रॉन किंवा त्याहून जाड. सपाट पेटीच्या ट्रकवर चांगली पॉलिमेरिक (म्हणजे वरच्या प्रतीची, कमी आखडणारी) कॅलेंडर्ड चालून जाते, तिथे कास्टचे पैसे घालायलाच हवेत असं नाही. पण खाचा आणि वळणं असलेल्या व्हॅनवर पूर्ण रॅपसाठी मी कास्टशिवाय काम घेत नाही.

म्हणून कोटेशनमध्ये कंपनीचं नाव पुरेसं नाही. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराफोल या सगळ्या कंपन्या दोन्ही प्रकारच्या फिल्म बनवतात. 'अमुक कंपनीची फिल्म' म्हणून स्वस्तातली लावली तर तो खोटंही बोललेला नसतो! फिल्मचा मालिका क्रमांक आणि लॅमिनेटचा, म्हणजे छपाईवर चढवतात त्या पारदर्शक थराचा मालिका क्रमांक, दोन्ही लिहून मागा. कास्ट फिल्मवर कॅलेंडर्ड लॅमिनेट चढवलं की वरचा थर आखडतो आणि खालच्यालाही ओढतो. कोटेशनमध्ये लपवाछपवी होते ती बहुतेक वेळा लॅमिनेटमध्येच. निर्मात्याची वॉरंटीसुद्धा फिल्म, शाई आणि लॅमिनेट एकमेकांना मान्य असतील तरच लागू होते. शिवाय बोनेट आणि टपावर ऊन सरळ पडतं, म्हणून तिथली मुदत बाजूंपेक्षा बरीच कमी असते. जो दुकानदार हे आपणहून सांगतो त्याचं ऐकून घ्या. सगळीकडे सरसकट पाच वर्षं म्हणणारा नीट वाचून बोलत नाही.

आता दुकानात काय बघायचं. सॉल्व्हंट (उडून जाणाऱ्या द्रावकाच्या) शाईने छापत असतील तर प्रिंट निदान २४ तास, शक्यतो ४८ तास, मोकळी ठेवून मगच लॅमिनेट करतात. विचारा, 'आज छापलंत तर लॅमिनेशन कधी?' 'लगेच' म्हणाले आणि मशीन लेटेक्स किंवा यूव्हीचं (या शाया छापतानाच वाळतात) नसेल तर शाईतला सॉल्व्हंट आत कोंडला जातो आणि चिकटपणा बिघडतो. लावायची जागा बंदिस्त, धूळ नसलेली आणि साधारण १५ ते ३० अंशांत असावी. रस्त्याच्या कडेला वाऱ्यात रॅप लावणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची शेक. खाचेत, कोपऱ्यात जिथे फिल्म ताणली गेली असेल तिथे लावून झाल्यावर हीट गनने पुन्हा तापवतात, म्हणजे ती जुना आकार विसरते. फिल्मप्रमाणे हे तापमान साधारण ९० ते १०५ अंश सेल्सियस असतं आणि ते हाताच्या अंदाजाने कळत नाही. कारागिराच्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर आहे का, एवढं बघा. माझ्या मते दुकान पारखायची याहून सोपी खूण नाही.

कापण्याबद्दलही विचारा. फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली तर रंगावर चर पडतो आणि तिथून गंज धरतो. त्यासाठी दोऱ्याची टेप मिळते, ती आधी चिकटवून वरून फिल्म लावतात आणि दोरा ओढला की सरळ कापलं जातं. चांगल्या दुकानात ती असतेच.

प्रतिसाद

आमच्या ऑफिसच्या गाड्यांचं काम मी बघते. वरच्या माहितीत व्यवहाराची भर घालते.

आठही गाड्या एकदम देऊ नका. सगळ्यात अवघड व्हॅन आधी द्या, ती काही आठवडे रोजच्या कामावर फिरू द्या आणि मगच पुढच्या द्या. फिल्म मात्र शक्यतो एकाच लॉटची घ्यायला सांगा, नाहीतर दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की लाल रंगाच्या दोन छटा दिसतात. छपाईची अंतिम फाइल आणि रंगांचे आकडे स्वतःकडे ठेवा. उद्या एखादं दार ठोकलं गेलं तर तेवढंच दार छापून लावता आलं पाहिजे.

डिझाइन तुमच्या गाडीच्या मोजमापावर बसवून दाखवायला सांगा, सरकतं दार उघडं ठेवूनसुद्धा. आमच्या एका गाडीचा फोन नंबर दार उघडलं की अर्धा झाकला जायचा, आणि माल उतरवताना दार उघडंच असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिन्ही दुकानांना फिल्म आणि लॅमिनेटचे क्रमांक विचारले. स्वस्तातल्याने 'तेच असतं हो सगळं' म्हणून विषय टाळला. महागड्याने क्रमांक दिले, पण गाडी बघायला यायची तयारी नाही, फोटोवरच भागवतो म्हणतो. मधल्याने क्रमांक लिहून दिले, गाड्या समोर उभ्या करून बघितल्या, आणि सेकंडहँड व्हॅनच्या बाजूवर बोट फिरवून म्हणाला, 'इथे रंग झालाय, इथली हमी मी देणार नाही.' हे ऐकून चांगलं वाटावं की वाईट, कळेना.

प्रतिसाद

चांगलंच वाटू द्या. कारखान्यातला भट्टीचा रंग फिल्म काढताना सहसा टिकतो. गॅरेजमधल्या रंगाची पकड खाली काय तयारी केली होती त्यावर ठरते, आणि ते वरून कुणालाच दिसत नाही. त्या बाजूच्या कोपऱ्यात फिल्मचा छोटा तुकडा लावून, दिवसभर ठेवून काढून बघायला सांगा. रंग निघाला तर आधी पत्र्याचं काम नीट करून घ्या, नवा रंग पूर्ण वाळू द्या आणि मग रॅप करा. हवेवर वाळणाऱ्या रंगाला काही आठवडे लागतात. तुकडा स्वच्छ निघाला तरी ती बाजू हमीबाहेर असल्याचं दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा, गाडी देण्याआधीचे फोटोही जोडा.

बाकी हमीच्या कागदात धुण्याची अट काय आहे ते आताच बघून घ्या. हाताने धुणं उत्तम. प्रेशरने धुणार असाल तर नळीचं तोंड गाडीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर धरायचं आणि धार कडेवर तिरकी मारायची नाही. ड्रायव्हर मंडळींना हे आधीच सांगून ठेवा. पहिली व्हॅन मधल्याकडेच द्या, आणि खाचांना शेक देताना तिथे उभ्या राहा.