आईची कानशिलं ठणकतात, कोथरूडजवळ कोणाला दाखवू?

वेणू_कोथरूड: आईचं वय ७४. गणपती उठल्यापासून कानशिलं ठणकतायत, उजवं जास्त. आजवर कधी डोकेदुखीची तक्रार नव्हती. केस विंचरतानासुद्धा कळ येते. क्रोसिन झाली, सूतशेखर झाली. भाकरी चावताना जबडा भरून येतो, म्हणजे दातांचं म्हणावं की मायग्रेन? चांगला न्यूरॉलॉजिस्ट सुचवा.

पेठकर: पित्त. नाकात तूप सोडा.

डॉ_निवांत: तूप सोडा, पण पोळीवर. वेणू, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, डोक्याची कातडी हुळहुळी आणि चावलं की दुखणारा, थांबलं की बरा वाटणारा जबडा. हे ऐकलं की टेम्पोरल आर्टेरायटिसचा संशय घ्यायचाच. कानशिलावरची धमनी सुजते. डोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या त्यात बंद पडल्या तर नजर जाते, ती बहुधा परत येत नाही, आणि दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. आईंना विचारा: डोळ्यापुढे पडदा आला होता का? एकाचे दोन दिसले? सकाळी खांदे आखडतात?

वेणू_कोथरूड: वेणी घालायला हात वर जात नाहीत म्हणते. आणि परवा टीव्ही बघताना उजव्या डोळ्याला जरा वेळ काहीच दिसेना, हे आत्ता सांगतेय!

डॉ_निवांत: मग अपॉइंटमेंट वगैरे नको. आत्ता इमर्जन्सीत न्या, मेडिसिन आणि नेत्रविभाग दोन्ही असतील तिथे. ससूनला आहेत, जवळचं मोठं खाजगीही चालेल. डोकेदुखीच्या आधी नजरेचं सांगा. ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) काढतील. नजरेला धोका असला तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज ५०० ते १००० मिग्रॅ, तीन दिवसांपर्यंत; एरवी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज ४० ते ६० मिग्रॅ. बायोप्सीसाठी (कानशिलावरच्या धमनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) औषध अडवून ठेवत नाहीत, ती नंतर आठवड्याभरातही करता येते. सूज धमनीत सलग नसते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं नाही. घरच्या घरी स्टेरॉइड मात्र देऊ नका.

सिंहगडी: सासूबाईंना हेच होतं. स्टेरॉइडने डोकेदुखी पटकन उतरली आणि लगेच 'बंद करा त्या गोळ्या' सुरू! संधिवाताच्या डॉक्टरांनी वर्षाहून जास्त काळ डोस हळूहळू उतरवला. साखर उसळते, हाडं ठिसूळ होतात, तेव्हा कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारा. कधी टीबी झाला असेल तर तेही सांगा.

वेणू_कोथरूड: रिक्षा मिळेना, शेजारचे काका गाडी काढतायत. जुनी फाइल सापडत नाहीये.

डॉ_निवांत: फाइल राहू द्या. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि निघा.